कॉम्प्युटर म्हणतो १२ अंश, पण ठिणगी खरंच तेव्हा पडते का?

गाडीच्या ओबीडी सॉकेटला (बिघाड तपासायला स्कॅनर जोडतात त्या जागी) स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर खोचला आणि मोबाइलवर ॲप उघडलं, की 'टायमिंग ॲडव्हान्स' नावाचा एक आकडा समोर नाचायला लागतो. ८, ११.५, ९, १४. तो बघून अनेक जण सांगून मोकळे होतात की गाडीचं टायमिंग एकदम बरोबर आहे. पण हा आकडा कुणी मोजलेला नसतो. ठिणगी केव्हा पाडायची याचा जो हुकूम कॉम्प्युटरने कॉईलला (प्लगसाठी हजारो व्होल्ट तयार करणाऱ्या भागाला) सोडला, तो हा आकडा. ठिणगी प्लगवर प्रत्यक्षात केव्हा पडली हे बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटरला उलट कुणी कळवत नाही. त्याला जे माहीत नाही ते तुमच्या मोबाइलला कुठून कळणार?

हुकूम आणि अंमलबजावणी यांत अंतर कुठे पडतं आणि ते कसं पकडायचं, एवढाच या लेखाचा विषय. डिझेल गाड्या यातून वगळल्या आहेत, कारण तिथे ठिणगीच नसते. आणि टायमिंग म्हणजे इथे ठिणगीचं टायमिंग. टायमिंग बेल्ट सांभाळतो ते व्हॉल्व्हचं टायमिंग वेगळं. गॅरेजमध्ये दोन्हींना नुसतं 'टायमिंग' म्हणतात आणि त्यातून भलताच खर्च होऊ शकतो, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

ठिणगी आधी का पाडायची

सिलिंडरमध्ये दाबलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण एका क्षणात फुटत नाही, ते जळत जातं. प्लगच्या टोकाशी ज्योत पेटते आणि पसरत पसरत भिंतीपर्यंत पोचते. याला मिलिसेकंदांत मोजण्याइतका वेळ लागतो, पण तेवढ्यात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा, थांबून राहत नाही. ८०० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक जेमतेम ५ अंश फिरतो, ३००० ला १८ अंश आणि ६००० ला ३६ अंश.

आता सायकलचं पेडल आठवा. पेडल बरोबर वरच्या टोकाला असताना त्यावर उभं राहिलात तरी सायकल हलत नाही. ते थोडं पुढे उतरलं की मग पायाचा जोर चाकाला लागतो. पिस्टन आणि क्रँकचं गणित अगदी हेच आहे. पिस्टन सर्वांत वर असण्याच्या जागेला टीडीसी म्हणतात. जळण्याने तयार होणाऱ्या दाबाचा कळस टीडीसीनंतर साधारण १२ ते १६ अंशांवर आला, तर इंजिन त्या पेट्रोलातून सगळ्यात जास्त काम काढतं. कळस तिथे यायचा असेल तर ठिणगी त्याच्या बरीच आधी, म्हणजे टीडीसीच्याही आधी पडायला हवी. 'टायमिंग १० अंश आहे' याचा अर्थ टीडीसीला १० अंश बाकी असताना ठिणगी पडते.

ठिणगी उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, पेट्रोल पिते आणि अर्धवट जळालेला जाळ बाहेर पडून एक्झॉस्ट तापतो. फार लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो, उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि चढावर इंजिन खटखटायला लागतं. हे नॉकिंग. उशिराचं नुकसान खिशाला, लवकरचं पिस्टनला.

किती आधी, याचं एकच उत्तर नसतं. आरपीएम वाढला की जास्त आधी लागते, पण दुप्पट आरपीएमला दुप्पट आधी असं नाही. वेग वाढला की सिलिंडरमधली घुसळण वाढते आणि ज्योतही जोरात पळते. लोडचंही, म्हणजे इंजिनावर पडणाऱ्या भाराचंही, तसंच. हायवेवर हलक्या पायाने जाताना सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, ते सावकाश जळतं, म्हणून तिथे ३५-४० अंशही चालतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की हाच आकडा बराच खाली आणावा लागतो.

पूर्वी हे काम डिस्ट्रिब्युटर करायचा, म्हणजे पाळीपाळीने प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा फिरता भाग. पद्मिनी, ॲम्बेसेडर, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, सगळ्यांत तोच. आत फिरणारी दोन वजनं आरपीएमप्रमाणे बाहेर फेकली जायची आणि ठिणगी पुढे सरकवायची. बाजूचा व्हॅक्यूमचा डबा लोड ओळखायचा. दोन स्प्रिंगा आणि एक पडदा, एवढ्यावर वर्षानुवर्षं जग चाललं. पण स्प्रिंग इंजिन किती तापलंय ते विचारत नाही, पेट्रोल कसलं भरलंय तेही नाही. १९७६ च्या मॉडेलांत क्रायस्लरने 'लीन बर्न' नावाने अमेरिकेत ठिणगीचं टायमिंग ॲनालॉग कॉम्प्युटरकडे दिलं. तो डबा एअर क्लीनरला चिकटवलेला होता, म्हणजे इंजिनाची धग आणि थरथर थेट त्याच्याच वाट्याला. ही व्यवस्था फार नावाजली गेली नाही, हे सांगायला नको. पुढच्या वर्षी जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल टोरोनाडोमध्ये मायक्रोप्रोसेसर आणला. १९७९ मध्ये बॉशच्या मोट्रोनिकने बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकाच कॉम्प्युटरच्या हाती सोपवलं. आपल्याकडे सर्वसामान्यांच्या गाडीत ही गोष्ट पोचली २००० च्या आसपास, प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल) सगळीकडे आलं तेव्हा.

कॉम्प्युटर कशाच्या भरवशावर बोलतो

क्रँकवर किंवा फ्लायव्हीलवर एक दातेरी चाक असतं. सर्वाधिक आढळणारा नमुना ६० दातांतून २ काढलेला: ५८ दात आणि एक रुंद फट. प्रत्येक दात म्हणजे ६ अंश. समोर बसलेला क्रँक सेन्सर दात मोजतो, फट आली की नवा फेरा सुरू झाला हे ओळखतो. फटीनंतर अमुकव्या दाताला एक नंबरचा पिस्टन टीडीसीला असतो, हे कारखान्यातच कॉम्प्युटरच्या मेंदूत लिहिलेलं असतं. दोन दातांमधला अंश तो वेळेवरून अंदाजाने काढतो.

मग तो आपल्या तक्त्यात बघतो: एवढा आरपीएम, एवढा लोड, म्हणजे इतके अंश. त्यात इंजिनाचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि नॉक सेन्सरची तक्रार यांची बेरीज-वजाबाकी होते. ठिणगी पडायच्या काही मिलिसेकंद आधी तो कॉईलमधून करंट सोडतो आणि नेमक्या क्षणी तोडतो. तोडला की ठिणगी पडते.

या सगळ्या साखळीत मधलं गणित जवळपास कधीच चुकत नाही. चुकतात ती दोन टोकं. एका टोकाला 'टीडीसी इथे आहे' हा कॉम्प्युटरचा समज, दुसऱ्या टोकाला कॉईल, वायर आणि प्लग. पहिलं टोक चुकलं तर कॉम्प्युटर अत्यंत आत्मविश्वासाने चुकीच्या जागी ठिणगी पाडत राहतो आणि स्कॅनरवर आकडे मात्र नवीन गाडीसारखे दिसतात. तपासणी म्हणजे मुख्यतः या पहिल्या टोकाचीच.

मधल्या पिढीच्या गाड्या: आधी कॉम्प्युटरला गप्प करा

१९८० आणि ९० च्या दशकांत अमेरिकेत आणि जपानमध्ये बनलेल्या अनेक गाड्यांत डिस्ट्रिब्युटरही होता आणि कॉम्प्युटरही. ॲडव्हान्स कॉम्प्युटर ठरवायचा, पण सगळ्याचा पाया, म्हणजे बेस टायमिंग, डिस्ट्रिब्युटर कुठल्या कोनात आवळलाय त्यावर अवलंबून. तिथे नुसती टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारी बत्ती, तिच्याबद्दल पुढे) लावून डिस्ट्रिब्युटर फिरवायला जाल तर फसाल. आयडलिंगला, म्हणजे पाय पेडलवर नसताना, कॉम्प्युटर स्वतःच ठिणगी मागेपुढे करत असतो, तुम्ही फिरवलं की त्याने सरकवलंच. जो आकडा दिसेल त्यातला पाया किती आणि कॉम्प्युटरची भर किती, हे कळायला मार्ग नाही.

म्हणून प्रत्येक कंपनीने कॉम्प्युटरला गप्प करायची एक युक्ती ठेवली होती. फोर्डच्या ईईसी-फोर पद्धतीत डिस्ट्रिब्युटरजवळच्या वायरिंगमध्ये 'स्पाउट' नावाची अंगठ्याएवढी टोपी असते. ती उपसली की कॉम्प्युटरचा हुकूम इग्निशन मॉड्यूलपर्यंत पोचतच नाही आणि इंजिन बेस टायमिंगवर चालतं; पाच लिटरच्या मस्टँगमध्ये ते १० अंश. जनरल मोटर्सच्या ५.७ लिटर टीबीआय ट्रकमध्ये एक फिकट तपकिरी-काळी वायर जोडावरून सोडवतात आणि तिथे पाया शून्य अंश, म्हणजे बरोबर टीडीसीला. (काम झाल्यावर तिथे ४२ नंबरचा बिघाडाचा कोड नोंदला गेलेला असतो, तो पुसायचा. त्याला घाबरून मॉड्यूल बदलू नये.)

टोयोटाची पद्धत मला सगळ्यात सुटसुटीत वाटते. कोरोलातलं ४ए-एफई इंजिन घ्या. बॉनेटखाली एक झाकणवाली डबी असते, झाकणाच्या आतल्या बाजूला टर्मिनलांची नावं छापलेली. इंजिन पूर्ण तापवायचं, एसी-दिवे बंद, गिअर न्यूट्रल. मग वायरच्या एका तुकड्याने टीई१ आणि ई१ ही दोन टर्मिनलं जोडायची. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो आणि टायमिंग एका जागी बसतं. टायमिंग लाइटच्या उजेडात क्रँकच्या पुलीवरची खूण १० अंशांवर दिसायला हवी. नसतील तर डिस्ट्रिब्युटरचे बोल्ट सैल करून केसभर फिरवायचा, पुन्हा आवळायचा आणि पुन्हा बघायचं, कारण आवळताना तो थोडा सरकतोच. इथे एक मेख आहे. थ्रॉटलवरच्या (हवेच्या झडपेवरच्या) सेन्सरला 'पाय पेडलवर नाही' हे कळत नसेल तर वायर जोडूनही टायमिंग स्थिर होत नाही. खूण डुगडुगत राहिली तर डिस्ट्रिब्युटरला हात लावण्याआधी थ्रॉटल सेन्सर तपासावा.

वायर काढल्यावर आयडलिंगलाच टायमिंग पुढे सरकलं पाहिजे. ही तपासणीची दुसरी अर्धी बाजू आणि ती सर्रास विसरली जाते. बेस बरोबर आला म्हणजे पाया बरोबर. कॉम्प्युटर कामाला लागला का, हे खूण पुढे सरकल्यावरच कळतं. फोर्डची टोपी परत खोचायची राहिली तर गाडी जन्मभर १० अंशांवर चालते: सुरू होते, आयडलिंग बरं, पण जोर नाही आणि एक्झॉस्ट लालभडक. अशा गाडीचं पेट्रोल पंप, फिल्टर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सगळं बदलून होतं आणि टोपी बॅटरीच्या ट्रेमध्ये पडलेली असते.

बेल्टचा मुद्दा इथेच उरकतो. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरून) फिरत असेल आणि बेल्ट एक दात उडाला, तर व्हॉल्व्हबरोबर ठिणगीचंही टायमिंग सरकतं. क्रँकच्या पुलीला २४ दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १५ अंश. तेव्हा डिस्ट्रिब्युटर टोकापर्यंत फिरवूनही टायमिंग जुळत नसेल तर तो आणखी फिरवायच्या भानगडीत पडू नका, बेल्टचं कव्हर उघडा. ठिणगी क्रँक सेन्सरवर चालणाऱ्या इंजिनात बेल्ट उडाला तर ठिणगी जागच्या जागी राहते आणि फक्त व्हॉल्व्ह चुकतात. कॉम्प्युटर क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही म्हणून पी००१६ हा कोड टाकतो.

टायमिंग लाइट आणि पुलीची खूण

टायमिंग लाइट ही पिस्तुलाच्या आकाराची बत्ती. तिचा चिमटा एक नंबर सिलिंडरच्या प्लग वायरला लावायचा. त्या वायरमधून करंट गेला की बत्ती एका क्षणापुरती चमकते. दर वेळी क्रँक त्याच कोनात असताना उजेड पडतो, म्हणून गरगर फिरणारी पुली थिजल्यासारखी दिसते आणि तिच्यावरची खाच कव्हरवरच्या आकड्यांसमोर वाचता येते. चिमट्यावर बाण असतो, तो प्लगच्या दिशेने. खाच आधी तारेच्या ब्रशने साफ करून त्यात व्हाइटनर भरून घ्या, नाहीतर तेलकट काळ्या पुलीवर काही दिसत नाही.

ही चीज धोक्याची आहे, ती अशी: पुली थांबल्यासारखी दिसते, पण थांबलेली नसते. पंखाही तसाच. ओढणी, मफलर, लोंबती वायर, शर्टाची बाही सगळं आवरून घ्यायचं. इलेक्ट्रिक पंखा तर न सांगता सुरू होतो. प्लगच्या वायरमध्ये २५ ते ४० हजार व्होल्ट असतात. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी या कामापासून लांब राहावं.

आता पुलीचं. बऱ्याच इंजिनांत क्रँकची पुली दोन भागांची असते: आतला भाग, बाहेरची जड कडी आणि मध्ये रबर. रबर म्हातारं झालं की कडी जागेवरून सरकते आणि खाच तिच्यावरच असते. मग लाइट चोख, कॉम्प्युटर चोख आणि तरी आकडा खोटा. १४० मिलिमीटर व्यासाच्या पुलीचा घेर साधारण ४४० मिलिमीटर, म्हणजे १० अंश म्हणजे जेमतेम १२ मिलिमीटर. कडी करंगळीच्या रुंदीएवढी सरकली तरी सगळं गणित झोपतं.

शंका आली तर टीडीसी हाताने शोधावा. इंजिन थंड, बॅटरी सोडवलेली, सगळे प्लग काढलेले. एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉपर बसवायचा. पान्याने क्रँक हळू फिरवायचा, पिस्टन स्टॉपरला टेकला की पुलीवर खूण करायची. मग उलट दिशेने फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवायचा, दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर खरा टीडीसी. जोर लावायचा नाही, पिस्टनचा माथा ॲल्युमिनियमचा असतो. काही इंजिनं उलटी फिरवायला मॅन्युअल मनाई करतं, ते आधी पाहून घ्यावं. पिस्टनच्या माथ्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून 'आता वर आला' असं डोळ्याने ठरवण्याची पद्धत सर्रास दिसते. पण वरच्या टोकाशी क्रँक कित्येक अंश फिरला तरी पिस्टन हललेला जाणवत नाही, म्हणून ती चालत नाही.

आताच्या गाड्या: फिरवायला काही नाही, म्हणून बघायलाही काही नाही?

डिस्ट्रिब्युटर गेला, प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉईल आली, मॅन्युअलमध्ये 'टायमिंग ॲडजस्ट करता येत नाही' असं छापून आलं. त्यातून गॅरेजांनी काढलेला अर्थ असा, की तपासायची गरज नाही. सुझुकीची मॅन्युअलं मात्र तपासायला सांगतात. एम१६ए सारख्या इंजिनासाठी कृती अशी: कंपनीच्या स्कॅनरवरून 'फिक्स्ड स्पार्क' निवडायचं, म्हणजे कॉम्प्युटर हिशेब बाजूला ठेवून ठरलेल्या एका जागी ठिणगी पाडतो, आणि मग टायमिंग लाइटने बघायचं. टीडीसीच्या आधी ५ अंश, तीन अंश इकडे-तिकडे. बसलं नाही तर क्रँक सेन्सर, दातेरी चाक, कॅम सेन्सर यांच्याकडे वळायचं. टोयोटाच्या वायरचंच हे नवं रूप.

लाइटचा चिमटा लावायला प्लग वायरच नसते, ही पहिली अडचण. एक नंबरची कॉईल वर काढून कॉईल आणि प्लग यांच्यामध्ये जुन्या गाडीची एक चांगली वायर घालायची आणि चिमटा तिला लावायचा. कॉईल लटकत ठेवायची नाही आणि वायर सैल ठेवायची नाही. ठिणगीला जायला जागा मिळाली नाही तर ती कॉईलच्या आतून वाट काढते आणि कॉईल जाते.

दोन सिलिंडरांना एक कॉईल असेल तर दर फेऱ्याला ठिणगी पडते, दोन फेऱ्यांतून एकदा नव्हे. साध्या लाइटला त्याचं काही नाही. पण ज्या लाइटवर अंशांची डायल किंवा डिजिटल आकडा असतो ती दोन फेऱ्यांच्या हिशेबाने चालते आणि सरळ दुप्पट अंश दाखवते. १० चे २० दिसले की आधी हे आठवा.

दुसरी अडचण: आयडलिंगला खूण एका जागी उभीच राहत नाही. हा दोष नाही. आयडल स्थिर ठेवायला थ्रॉटल उघडझाप करण्यापेक्षा ठिणगी दोन-चार अंश मागेपुढे करणं कॉम्प्युटरला जास्त लवकर जमतं. त्यामुळे फिक्स्ड स्पार्कची सोय नसलेला स्कॅनर असेल तर कुणालातरी २५०० आरपीएमवर पाय धरून ठेवायला सांगा. तिथे हुकूम बराच स्थिर होतो. स्कॅनरवरचा आकडा आणि पुलीवरचा आकडा शेजारी शेजारी वाचा. स्कॅनर अर्ध्या अर्ध्या अंशाने सांगतो. पुलीवर डोळ्याने दोन अंशांपर्यंत वाचता येतं. चार-पाच अंशांची तफावत प्रत्येक आरपीएमला तेवढीच राहत असेल तर पाया सरकलाय: फ्लायव्हील बदलताना दुसऱ्या मॉडेलचं बसलंय, दातेरी चाक हललंय किंवा पुलीची कडी. काही इंजिनांत दातेरी चाकच त्या पुलीच्या कडीवर असतं. तिथे कडी सरकली की चाक आणि खूण दोन्ही मिळून सरकतात, लाइट आणि स्कॅनर एकमुखाने 'सगळं ठीक' म्हणतात आणि ठिणगी भलतीकडे पडते. तिथे स्टॉपरशिवाय सुटका नाही.

तफावत आरपीएमबरोबर वाढत असेल तर रोग वेगळा. ती वेळेची चूक आहे, कोनाची नाही. ६००० आरपीएमला एक अंश म्हणजे सुमारे २८ मायक्रोसेकंद, त्यामुळे सिग्नलला होणारा किरकोळ उशीरही वर गेल्यावर ठळक दिसतो. वायरिंगची दुरुस्ती झालेल्या गाडीत दोन वायरींच्या चुंबकीय क्रँक सेन्सरच्या वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या असतील तर असंच होतं. इंजिन चालतं, फक्त दाताची चुकीची कड मोजत राहतं.

नॉक सेन्सर

ठिणगी फार लवकर पडते आहे ही खबर कॉम्प्युटरला मिळते ती नॉक सेन्सरकडून. ब्लॉकला बोल्टने आवळलेला हा सेन्सर विशिष्ट कंपनं ऐकतो. ८० मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) इंजिनात नॉकिंगचा सूर ७ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. तो ऐकला की कॉम्प्युटर टायमिंग झटक्यात काही अंश मागे घेतो आणि मग हळूहळू पुढे आणतो. जुनी चाचणी आजही अनेक इंजिनांवर चालते: आरपीएम थोडा चढवून, लाइट पुलीवर धरून, सेन्सरजवळ ब्लॉकवर छोट्या हातोडीने टकटक करायचं. सेन्सरवर नाही, ब्लॉकवर. खूण मागे सरकली तर सेन्सर, वायर आणि कॉम्प्युटर तिघंही जागे आहेत. हे स्कॅनरवर बघायला गेलात तर बहुधा हुकेल. चार सिलिंडरच्या इंजिनात नुसत्या आयडलिंगलाही सेकंदाला पंचवीसेक ठिणग्या पडतात, स्वस्त स्कॅनर सेकंदाला दोन-चारदा आकडा आणतो.

बोल्टचा आवळ इथे खरंच महत्त्वाचा आहे, बॉशच्या गोल सेन्सरना साधारण २० न्यूटन-मीटर लागतो. हातात आला तेवढा आवळला तर सेन्सर बहिरा होतो किंवा सगळंच नॉकिंग समजतो. दुसऱ्या प्रकारात गाडी कायम मंद राहते आणि कोडही येईलच असं नाही.

सीएनजी किट आणि ॲडव्हान्सर

मुंबई-पुण्यात बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्या भरपूर आहेत, आणि हुकूम आणि ठिणगी यांतलं अंतर तिथे मुद्दाम पाडलेलं असतं. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी. त्याचा ऑक्टेन आकडा (नॉकिंग टाळण्याच्या क्षमतेचं माप) १२० च्या घरात असल्यामुळे नॉकिंगची भीती कमी. पण पेट्रोलच्या कॉम्प्युटरच्या तक्त्यात गॅसचा रकानाच नाही. म्हणून किटबरोबर टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर नावाची डबी लावतात, बाजारात तिला नुसतं ॲडव्हान्सर म्हणतात. ती क्रँक सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसते आणि दात खरे येण्याआधीच आले असं कॉम्प्युटरला भासवते. कॉम्प्युटर आपल्या समजुतीने १२ अंश म्हणतो, ठिणगी १८ ते २४ अंशांवर पडते, स्कॅनर १२ च दाखवतो. कंपनीतूनच सीएनजीवर आलेल्या गाड्यांत गॅसचा तक्ता वेगळा लिहिलेला असतो, तिथे ही डबी नसते आणि बसवूही नये.

पेट्रोलवर आल्यावर डबीने बाजूला व्हायला हवं. तिला तसं सांगणारी एक वायर गॅसच्या स्विचकडून येते. तीच सुटली किंवा चुकीच्या जागी जोडली तर गाडी पेट्रोलवरही पुढे सरकवलेल्या टायमिंगने धावते. चढावर खटखट, सकाळी स्टार्टर मारताना इंजिनाचा उलटा झटका, आणि नॉक सेन्सर सतत टायमिंग मागे ओढत असल्यामुळे पेट्रोलवरच मायलेज घसरलेलं. अशा गाडीत पेट्रोल भेसळीचं म्हणून पंप बदलत फिरणारे पुष्कळ.

तपासणीला लाइट पुरते. इंजिन तापलेलं, आरपीएम २५०० ला धरलेला, पुलीवर लाइट. गॅसवर खूण कुठे आहे ते बघा, मग स्विचने पेट्रोलवर या. डबी शहाणी असेल तर खूण तिच्या ठरवलेल्या अंशांनी झटकन मागे येते. नाही आली तर ॲडव्हान्सरचा क्रँक सेन्सरकडचा जोड सोडवून मूळ सॉकेट थेट जोडा आणि परत बघा. आता खूण स्कॅनरशी जुळली, तर दोष डबीत किंवा तिच्या स्विचच्या वायरीत. ती दुरुस्त होईपर्यंत गाडी डबीशिवाय चालवा. गॅसवर जोर थोडा कमी मिळेल, इंजिनाला काही होत नाही.